दिवसा येणारी झोप

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमचे व्याख्यान भोजनोत्तर दोन वाजता ठेवण्यात आले आहे आणि त्याचा विषय आहे दिवसा येणारी झोप. कार्यवाहांनी ही योजना विनोदाने केली की सोयीने, हे आम्ही त्यांना विचारलेले नाही. परंतु मागील रांगांतून काहींचे डोळे जड झालेले आम्हांस येथून दिसत आहेत आणि त्यांच्याविषयी आमची काहीही तक्रार नाही. दुपारी एक ते चार या वेळात मानवी शरीराच्या जागरूकतेला स्वभावतःच थोडी ओहोटी लागते. दोष केवळ श्रीखंडपुरीचा नव्हे. ज्याने दुपारी काही खाल्ले नाही त्यालाही ती ओहोटी जाणवते. पुण्यातील जुन्या दुकानदारांनी या वेळात दुकान बंद ठेवण्याचा जो शिरस्ता पाडला, त्याची थट्टा पुष्कळ झाली. शरीरशास्त्र मात्र त्यांच्या बाजूचे आहे.

तेव्हा या घटकेस ज्यांचा डोळा लागेल, त्यांच्याविषयी आम्ही आज बोलणार नाही. ज्याला सकाळी दहा वाजता कचेरीत टेबलावर बसल्याबसल्या झोप येते, बोलता बोलता ज्याची मान कलते, चौकातील तांबड्या दिव्यापाशी गाडी थांबताच ज्याचे डोळे मिटतात, आणि हे एखाद्या दिवशी न होता महिनोन्‌महिने होते, अशा मनुष्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. अशा मनुष्याला आपल्या समाजात नावे पुष्कळ आहेत. कुंभकर्ण, झोपाळू, सुस्त, आळशी. त्याला वैद्याकडे न्यावे असे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते.

याचे कारण आपल्या संस्कारांत आहे. अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे झोपेवर स्वामित्व मिळविणारा, म्हणून आपण गौरवितो. शेंडीला दोरी बांधून ती खुंटीला अडकविणाऱ्या आणि पेंगताच बसणाऱ्या हिसक्याने जागे होऊन पुन्हा अभ्यासाला लागणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. त्या विद्यार्थ्याची जिद्द वंदनीयच आहे. परंतु अशा कथांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रवणाने झोप हा शत्रू आहे आणि ज्याला ती जास्त येते तो मनाचा दुबळा आहे, अशी आपली समजूत होऊन बसली. वस्तुतः याच परंपरेतील चरकसंहितेने निद्रेला आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या पंक्तीला बसवून शरीराच्या तीन उपस्तंभांत गणले आहे. दिवास्वाप, म्हणजे दिवसाची झोप, चरकाने सामान्यतः वर्ज्य सांगितली, एवढे आपल्या लक्षात राहिले. ग्रीष्म ऋतूत ती चालेल, वृद्धांना, बालकांना व दुर्बळांना चालेल, प्रवासाने आणि जागरणाने थकलेल्यांना चालेल, हे अपवाद तेथेच सांगितले आहेत. त्यांचा मात्र आपल्याला विसर पडला. कर्जत-कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणारे आमचे बंधू या शेवटच्या अपवादात पूर्णपणे बसतात.

आता मूळ विषयाकडे वळू. प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण रुग्ण स्वतःच तो करीत नाही. थकवा निराळा आणि झोप निराळी. थकलेला मनुष्य अंग टाकतो, परंतु त्याला झोप लागेलच असे नाही. पडल्यापडल्या तो छताकडे पाहत राहतो. ज्याला झोपेचा विकार आहे, तो स्वस्थ बसताच झोपी जातो. त्याला झोपायचे नसते, तरीही. पांडुरोग, मधुमेह, उदासीनता यांत बहुधा थकवा प्रधान असतो. थायरॉईड ग्रंथी मंदावली तर थकवा आणि झोप ही दोन्ही येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांपुढे केवळ ‘अंगात त्राण नाही’ असे सांगू नये. बसल्याबसल्या डोळा लागतो की नाही, हे आवर्जून सांगावे. निदानाची अर्धी वाट या एका उत्तराने सरते.

झोप येते कशी, तेही थोडक्यात पाहू. मनुष्य जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि जसजसे ते वाढते तसतशी झोपेची ओढ वाढते. झोपेत ते ओसरते. याच्या जोडीला मेंदूच्या तळाशी एक सूक्ष्म घड्याळ आहे. ते प्रकाशाच्या अनुरोधाने चालते आणि दिवस कोणता व रात्र कोणती हे सर्व शरीराला कळविते. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडून दाखविणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चहा-कॉफीतील कॅफीन ॲडेनोसिनला नाहीसे करीत नाही. त्याची जागा अडवून बसते इतकेच. तोवर ॲडेनोसिन मागे साठतच असते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरा वाजताही अर्धामुर्धा अंगात असतो. मग रात्री झोप उशिरा लागते, दुसऱ्या दिवशी पेंग येते आणि ती घालविण्यासाठी पुन्हा चहा. हे चक्र आपल्या पुष्कळ घरांत अखंड फिरत आहे.

दिवसा झोप येण्याचे सर्वांत मोठे कारण इतके साधे आहे की ते सांगताना संकोच वाटतो. रात्रीची झोप पुरत नाही. प्रौढ मनुष्याला सात तास किंवा अधिक झोप लागते आणि कुमारवयीन मुलांना आठ ते दहा तास. सहा तासांत भागते असे म्हणणारे आम्हांस पुष्कळ भेटतात. रविवारी ते किती वाजता उठतात एवढेच आम्ही विचारतो. कोणी दहा सांगतो, कोणी अकरा. आठवडाभराची थकबाकी शरीर त्या दिवशी वसूल करीत असते.

या प्रसंगी आमच्या भगिनींविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. अनेक वस्त्यांत नळाला पाणी पहाटे येते. साडेचारला उठून पाणी भरणारी गृहिणी डबे करते, मुलांना शाळेत धाडते, कित्येकदा स्वतः नोकरीवर जाते, आणि रात्री शेवटच्या माणसाचे जेवण होऊन ओटा आवरेपर्यंत साडेअकरा वाजवते. म्हणजे झोप झाली पाच तास. मग ती कीर्तनाला बसली की पेंगते, दूरचित्रवाणीपुढे पेंगते, आणि घरातली मंडळी कौतुकाने हसतात. हा विकार नव्हे, ही वजाबाकी आहे, आणि तिच्यावर कोणतेही औषध नाही. घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी पहाटेचे पाणी किंवा रात्रीचा ओटा यांपैकी एक काम अंगावर घ्यावे. तेवढ्याने तिला एक तास मिळेल. आम्ही ही चिठ्ठी औषधाच्या कागदावर लिहून दिली आहे, आणि काही घरांत तिचा उपयोग झाला आहे.

आता अशा मनुष्याचा विचार करू जो आठ तास झोपतो आणि तरीही दिवसा पेंगतो. येथे गूढ सुरू होते, आणि बहुधा त्याची उकल घोरण्यात सापडते.

गाढ घोरणे हे सुखी माणसाचे लक्षण, असे आपल्याकडे मानतात. काही जणांच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते आणि काहींचा श्वसनमार्ग पार मिटतो. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ हे चालते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदूला धोक्याची सूचना मिळते, क्षणभर तो जागा होतो, मोठा घुरका घेऊन श्वास पुन्हा सुरू होतो आणि मनुष्य परत झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. तासाला पाच किंवा अधिक वेळा असा अडथळा येणे हे विकृत समजतात आणि तीस किंवा अधिक वेळा आल्यास विकार तीव्र समजतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा कोणीतरी खांदा हलवून उठवावे, तसे. आठ तास अंथरुणात काढूनही त्याची झोप झालेली नसते. याला निद्राश्वासरोध म्हणावे; डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी १९६५ साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ हिशेबनीस होते. जमाखर्चाच्या वहीवर त्यांचा डोळा लागे आणि आकडे चुकत. वरिष्ठांनी दोनदा लेखी समज दिली, तिसऱ्यांदा राजीनाम्याची भाषा झाली. गृहस्थ सरळ, निर्व्यसनी आणि कामसू. त्यामुळे अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. ते आमच्याकडे आले ते शक्तिवर्धक औषध मागण्यासाठी. सोबत पत्नी होती. आम्ही घोरण्याविषयी विचारताच त्या बाई म्हणाल्या, “घोरण्याचं काही वाटत नाही हो, पण मध्येच ह्यांचा श्वास थांबतो. मी रात्र रात्र जागते आणि ह्यांना हलवते.” हे त्यांनी नऊ वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. रात्रभर तपासणी झाली. श्वास तासाला चाळिसाहून अधिक वेळा अडत होता. नाकावर मुखवटा लावून मंद दाबाने हवा सोडणारे यंत्र त्यांनी वापरावयास घेतले. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तिने घसा आतून उघडा राहतो. पहिले आठ दिवस गृहस्थांनी यंत्राला शिव्या दिल्या. महिन्याभराने ते सांगत आले की वर्तमानपत्राचा अग्रलेख आपण कित्येक वर्षांनी शेवटपर्यंत वाचला. त्यांची नोकरी टिकली. त्यांच्या पत्नीलाही झोप मिळू लागली, याची नोंद कोणत्याच तपासणीत होत नाही, म्हणून येथे करीत आहोत.

हा विकार दुर्मिळ नाही. मुंबईतील डॉक्टर झरीर उडवाडिया व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांत दिवसाच्या झोपेसह हा विकार शेकडा सुमारे साडेसात जणांत आढळला, आणि हे पुरुष नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेले होते, रोगी म्हणून नव्हे. स्थूल मनुष्याला त्याचा धोका अधिक, हे खरे. परंतु आखूड मान व मागे सरलेली हनुवटी असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढते. लहान मुलांत बहुधा वाढलेल्या टॉन्सिलमुळे होतो आणि तेथे तो फसवतो, कारण असे मूल पेंगण्याऐवजी चळवळे व हट्टी होते. उपचार न झाल्यास रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. वजन उतरविणे, कुशीवर झोपणे, रात्री मद्य वर्ज्य करणे यांनी सौम्य विकारात पुष्कळ फरक पडतो. काहींना जबडा पुढे धरणारी दातांवरील पट्टी किंवा शस्त्रक्रिया लागते. झोप नीट लागत नाही म्हणून परस्पर झोपेची गोळी घेणे मात्र यात घातक ठरू शकते, कारण त्या गोळीने घसा आणखी सैलावतो आणि मेंदूचे जागे होणे लांबते.

याहून विरळ, परंतु अधिक दुःखदायक असा दुसरा विकार आहे, नार्कोलेप्सी. हे नाव फ्रेंच वैद्य जेलिनो यांनी १८८० साली दिले. मेंदूत मनुष्याला जागे ठेवणारे ओरेक्सिन नावाचे एक द्रव्य आहे. त्याचा शोध १९९८ साली लागला आणि २००० साली असे दिसून आले की या विकाराच्या प्रमुख प्रकारात ते द्रव्य तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. विकार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, आणि येथेच अनर्थ होतो. आमच्या पाहण्यात आलेली एक हुशार मुलगी दहावीनंतर वर्गात झोपू लागली. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर तिची लेखणी वेडीवाकडी रेघ ओढून थांबे. मैत्रिणींनी हसविले की तिचे गुडघे एकाएकी लुळे पडत, हातातले भांडे गळून पडे. शुद्ध मात्र पूर्ण असे. पहाटे जाग आल्यावर काही क्षण तिला हातपाय हलविता येत नसत आणि खोलीत कोणी उभे आहे असा भास होई. घरच्यांनी बाहेरची बाधा मानली. गावोगावचे मांत्रिक झाले, मग फेफऱ्याची औषधे झाली. ज्या वसतिगृहात ती राहत होती तेथे तिच्या नावापुढे ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा पडला आणि मदत बंद झाली. खरे निदान होण्यास चार वर्षे लागली. हसण्याने किंवा आश्चर्याने स्नायू लुळे पडणे ही या विकाराची खूण आहे आणि ती ठाऊक असलेल्या डॉक्टरला फार तपासावे लागत नाही. आज ती मुलगी नोकरी करते. औषध घेते आणि दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे झोपते. तिच्या वरिष्ठांना हे माहीत आहे. तिच्या विवाहाचा प्रश्न आला तेव्हा ही गोष्ट लपवावी असा सल्ला तिला पुष्कळांनी दिला. तिने तो मानला नाही, आणि आमच्या मते योग्य केले. आपल्या वधूवर सूचक शाखेनेही अशा प्रसंगी कुजबूज न करता वैद्यकीय माहिती विचारून घ्यावी.

रात्रपाळीवर काम करणाऱ्या परिचारिका, पोलीस, कारखान्यातील कामगार आणि परदेशांच्या घड्याळावर चालणाऱ्या कचेऱ्यांतील तरुण यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचे अंतर्गत घड्याळ त्यांना दिवसा झोपू देत नाही आणि घरची मंडळीही देत नाहीत. घंटा वाजते, कुकरच्या शिट्ट्या होतात, शेजारी गप्पांना येतात, आणि ‘तो काय, दिवसभर लोळत असतो’ असे पाहुण्यांना सांगितले जाते. रात्री दोन वाजता झोपलेल्या माणसाशी जसे वागतो तसेच सकाळी दहा वाजता झोपलेल्या पाळीवाल्याशी वागावे. खिडकीला जाड पडदा लावावा. कामावरून परतताना त्याने गडद चष्मा घालावा, आणि पाळीवर निघण्यापूर्वी तासभर झोपावे.

औषधांमुळेही झोप येते. सर्दी-खाज यांवरील जुन्या गोळ्या, काही फेफऱ्याची व मनोविकाराची औषधे, वेदनाशामकांपैकी काही, ही त्यांतील प्रमुख. नवे औषध सुरू झाल्यावर पेंग येऊ लागली असेल तर डॉक्टरांना सांगावे; आपण होऊन बंद करू नये.

वाहन चालविणाऱ्यांसाठी मात्र अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हात व लक्ष, रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला उठून, दिवसभर राबून, रात्री दहानंतर वऱ्हाडाची गाडी घेऊन परतीला निघणारा आपला उत्साही पुतण्या या हिशेबाने मद्यप्याहून वेगळा नाही. फरक इतकाच की त्याला कोणी नाक्यावर अडवीत नाही. रेडिओ मोठा केल्याने किंवा काच खाली केल्याने झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी उभी करावी, कॉफी किंवा चहा घ्यावा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॅफीनचा परिणाम सुरू होण्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. त्याहून चांगले म्हणजे यजमानांनी वऱ्हाडाला रात्रीचा मुक्काम द्यावा. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या आपणां सर्वांना आज रात्री येथेच राहण्याची सोय आहे, असे कार्यवाहांनी सांगितलेच आहे.

आता मंडळाकडे आमची एक विनंती. वसतिगृहातील किंवा शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी वर्गात झोपतो अशी तक्रार आली, तर त्याची मदत थांबविण्यापूर्वी त्याला एकदा डॉक्टरांकडे पाठवावे, आणि तसा नियमच करावा. खर्च थोडा आहे. पहिल्या भेटीत यंत्र लागत नाही. मेलबर्न येथील डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ साली एक प्रश्नावली तयार केली. तीत वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, सभेत स्वस्थ बसले असता, तासभर गाडीतून प्रवासी म्हणून जाताना, अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याचा संभव किती, याला शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे असतात. चोविसांपैकी दहाहून अधिक गुण झाल्यास झोप प्रमाणाबाहेर आहे असे समजतात. (मुंबईच्या आगगाडीत उभ्याउभ्या झोपणाऱ्यांसाठी त्यात प्रश्न नाही, ही उणीव आम्हांस जाणवते.) जरूर पडली तरच पुढे निद्रापरीक्षण करावे लागते; ते रुग्णालयात एक रात्र राहून होते आणि काही प्रकारचे घरीही होऊ लागले आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एक लहान वही ठेवावी. रात्री अंथरुणाला पाठ केव्हा टेकली, सकाळी केव्हा उठलो, दिवसा कुठे व किती वेळ डोळा लागला, चहा किती वाजता घेतला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे रोज लिहावे. आणि जाताना त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाला, मग ती पत्नी असो, आई असो की वसतिगृहातील सोबती, बरोबर न्यावे. रात्री काय घडते हे झोपणाऱ्याला सांगता येत नाही.